वायू सुटला तिथेच अपघात झाला

२० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे, अजून पुरते उजाडलेही नव्हते तेव्हा, जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे वळण घेत असलेल्या एलपीजीच्या टँकरला ट्रकने धडक दिली. टँकरच्या नोझल तुटल्या. आत दाबाखाली साठवलेला द्रवरूप वायू बाहेर पडला, पांढऱ्या धुक्यासारखा रस्त्यावर पसरला आणि काही क्षणांत पेटला. मागेपुढे अडकलेली तीसहून अधिक वाहने जळाली, त्यांत प्रवाशांची एक बसही होती. मृतांचा आकडा पुढे वाढत वाढत वीसच्या घरात गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर पहिला प्रश्न विचारला जातो तो ठिणगी कुठून आली याचा. कोणाचे इंजिन चालू होते, कोणी बिडी पेटवली होती, विजेची तार तुटली होती का, यावर दिवसचे दिवस चर्चा होते. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न एक पायरी उशिराचा आहे. ज्या क्षणी वायू टाकीबाहेर पडला, त्या क्षणी ती घटना माणसाच्या हातून गेली होती. वायूचे कोणते प्रसरण माघारी फिरवता येते आणि कोणते येत नाही, याची काटेकोर परीक्षा उष्मागतिकीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तयार करून ठेवली आहे. ती आपण बारावीच्या उत्तरपत्रिकेपुरती वापरतो आणि रस्त्यावर, कारखान्यात, चौकशी अहवालात विसरतो.

ही परीक्षा आहे तरी काय? दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात वायू कोंडला आहे अशी कल्पना करा. वायू आतून दट्ट्याला बाहेर ढकलतो, बाहेरचा दाब त्याला आत ढकलतो. हे दोन्ही दाब जवळजवळ सारखे ठेवले, बाहेरचा केसभर कमी, तर दट्ट्या हळूहळू बाहेर सरकतो. आता बाहेरचा दाब केसभर वाढवला तर दट्ट्या लगेच आत येऊ लागतो. दिशा बदलायला नावापुरता जोर पुरतो. या प्रसरणाला पाठ्यपुस्तके रिव्हर्सिबल म्हणतात. आपण त्याला परतीचे प्रसरण म्हणू. याउलट आतला दाब बाहेरच्या कितीतरी पट असताना दट्ट्याची खीळ एकदम काढली, तर वायू उसळतो. बाहेरचा दाब थोडाफार कमीजास्त केल्याने त्याची दिशा बदलत नाही. हे बिनपरतीचे. दट्ट्याच नसेल, पलीकडे पूर्ण पोकळी असेल, तर वायूला कोणीच विरोध करत नाही. १८४५ साली जेम्स जूल यांनी पाण्यात बुडवलेल्या दोन भांड्यांमधली तोटी उघडून एका भांड्यातली दाबलेली हवा दुसऱ्या रिकाम्या भांड्यात सोडली, तेव्हा असेच प्रसरण घडवून आणले होते. पाण्याचे तापमान बदललेले त्यांना आढळले नाही. वायूने बाहेर काही कार्य केले नाही, उष्णताही घेतली नाही. तो नुसता पसरला. पसरल्याची कोणतीही खूण त्या पाण्यात उमटली नाही, आणि तरीही तो आपणहून पहिल्या भांड्यात परत जाणार नव्हता.

हा फरक आकड्यांत पाहिला की त्याचे वजन कळते. ३०० केल्विन म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाचा एक मोल आदर्श वायू घ्या. तापमान तेवढेच ठेवून त्याचे आकारमान दुप्पट करा. परतीच्या मार्गाने नेल्यास वायू सुमारे १,७२९ ज्यूल कार्य करून देतो. बाहेरचा दाब सुरुवातीलाच अर्ध्यावर आणून एका दमात प्रसरण होऊ दिले तर मिळतात १,२४७ ज्यूल. पोकळीत सोडला तर शून्य. तिन्ही वेळा वायू शेवटी पोचतो त्याच ठिकाणी: तेच तापमान, तोच दाब, तेच आकारमान. नुसता वायू तपासून तो कोणत्या वाटेने आला हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याची एन्ट्रॉपीही, म्हणजे ऊर्जा किती विखुरली याचे माप, तिन्ही वेळा सारखीच, केल्विनमागे ५.७६ ज्यूलने वाढलेली असते. फरक शोधायचा तो भोवतालात. परतीच्या प्रसरणात भोवतालाची एन्ट्रॉपी बरोबर तेवढीच घटलेली असते, म्हणून एकूण वाढ शून्य. दुसऱ्या प्रकारात ती ४.१६ नेच घटते, म्हणून १.६ ची निव्वळ वाढ उरते. तिसऱ्यात भोवतालाला काहीच झालेले नसते आणि ५.७६ ची सगळी वाढ जगाच्या खात्यात कायमची जमा होते. वायू मूळ जागी आणायचा तर उत्तमातल्या उत्तम यंत्रालाही १,७२९ ज्यूल खर्चावे लागतील. पहिल्या प्रकारात तेवढे हाताशी असतात, दुसऱ्यात ४८२ कमी पडतात, तिसऱ्यात सगळेच्या सगळे उसने आणावे लागतात. परतीचे आणि बिनपरतीचे यांतला भेद वायूच्या अवस्थेत नसून त्याच्याभोवतीच्या जगात असतो, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची आणि वर्गात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे.

इथे एक गैरसमज मध्ये येतो, आणि तो फक्त विद्यार्थ्यांचा नाही. परतीचे प्रसरण अतिशय सावकाश घडते असे शिकवले जाते. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण त्यावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात: जे सावकाश घडते ते परतीचे असते, आणि जे झपाट्याने घडते ते बिनपरतीचे. दोन्ही चूक आहेत. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर पाहा. १४.२ किलो वायू महिनाभर त्यातून थोडा थोडा येत राहतो. याहून सावकाश प्रसरण घरात दुसरे शोधून सापडणार नाही. तरीही रेग्युलेटरच्या बारीक वाटेत दाब एकदम उतरतो, त्या उताराचे कोणतेही कार्य कोणालाही मिळत नाही, आणि शेगडीच्या बाजूने थोडा जोर लावून वायू परत सिलिंडरमध्ये जात नाही. महिनाभर चाललेले ते प्रसरण पहिल्या मिनिटापासून बिनपरतीचे असते. दुसऱ्या टोकाला आवाज आहे. आपण बोलतो तेव्हा हवेचे थर सेकंदाला शेकडो वेळा आकुंचन-प्रसरण पावतात, इतक्या वेगाने की शेजारच्या थराला उष्णता द्यायला सवड मिळत नाही. तरी ते जवळजवळ परतीचे असते, कारण प्रत्येक थरावरचा दाब शेजारच्या थरापेक्षा अगदी नखभर वेगळा असतो. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना हवेचे तापमान या सगळ्यात कायम राहते असे धरले होते. त्या गृहीतकाने उत्तर सेकंदाला सुमारे २८० मीटर येते. प्रत्यक्षात शून्य अंशाला तो ३३२ च्या आसपास आहे. लाप्लासने उष्णतेची देवघेव होत नाही असे धरून हिशेब दुरुस्त केला आणि उत्तर जुळले. तेव्हा कसोटी घड्याळाची नाही, दाबातल्या तफावतीची आहे. तफावत नखभर असेल तर परत येता येते. मोठी असेल तर वायू कितीही संथपणे जात असो, तो गेलेला असतो.

आता हीच कसोटी भांकरोट्याच्या टँकरला लावू. टाकी धडधाकट असताना आत काय चाललेले असते? एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. टाकीत खाली द्रव असतो, वर त्याची वाफ, आणि दोघांचा समतोल असतो. दुपारी ऊन चढले की थोडा द्रव वाफ होतो, दाब वाढतो. रात्री गारठले की तेवढी वाफ पुन्हा द्रव होते. हे बाष्पीभवन परतीच्या प्रक्रियेचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे, आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टँकरमध्ये रोज घडत असते. आतला दाब थंडीत वातावरणाच्या तीन-चारपट, कडक उन्हाळ्यात आठ-नऊपट असू शकतो. पण पोलादी भिंत तो पेलते, आणि भिंत पेलते आहे तोवर ही तफावत निरुपद्रवी असते. नोझल तुटली की पेलणारे कोणी उरत नाही. आणि इथे भौतिकशास्त्र आपल्याला एक विलक्षण गोष्ट सांगते: आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त असला, तर भोकातून सुटणाऱ्या वायूचा वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि बाहेरचा दाब किती आहे याची खबरसुद्धा आत पोचत नाही. बाहेर दाब केसभर वाढवल्याने दिशा बदलते का, अशी आपली परीक्षा होती. इथे दिशा तर सोडाच, प्रवाहाचे प्रमाणही बदलत नाही. बिनपरतीच्या प्रसरणाचा याहून स्पष्ट नमुना प्रयोगशाळेतही मिळणार नाही.

पुढचे आकडे या एकाच गोष्टीचे परिणाम आहेत. द्रवरूप एलपीजी वायुरूप झाला की सुमारे अडीचशेपट जागा व्यापतो. उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि भोवतालच्या हवेतून ओढून घेतो, म्हणून हवेतली वाफ गोठते आणि ते पांढरे धुके दिसते. बातम्यांनुसार भांकरोट्याला सुमारे १८ टन वायू सुटला होता. वातावरणाच्या दाबाला तो आठ हजार घनमीटरच्या आसपास भरतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ असले तरी मिश्रण पेटू शकते. सगळा वायू सारखा मिसळला असे धरले तर पेटू शकणाऱ्या हवेचे आकारमान चार लाख घनमीटर होते. दोन मीटर उंचीचा थर धरला तर पन्नास एकर. प्रत्यक्षात वायू असा सारखा पसरत नाही, म्हणून ही कमाल मर्यादा समजावी. पण एवढ्या धोक्याची शक्यता त्या तुटलेल्या नोझलांमधून बाहेर आली होती. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. हिवाळ्याच्या पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा थंड असते, आणि वायू वर न जाता रस्त्याच्या उताराने, मोटारींच्या चाकांखालून सरकत जातो.

जयपूरने हा धडा त्याआधी पंधरा वर्षे घेतला होता. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या तेल साठवणीच्या केंद्रात एका टाकीतून शेजारच्या केंद्राकडे पेट्रोल पाठवण्याची तयारी चालू होती. तिथे हॅमर ब्लाइंड नावाची एक झडप होती. तिची स्थिती बदलताना तिचे वरचे तोंड काही काळ उघडे राहते. त्याच वेळी टाकीची मुख्य झडप उघडी असल्यामुळे पेट्रोलचा फवारा बाहेर आला. तिथली माणसे वाफेने गुदमरली, झडप बंद करायला कोणी पोचू शकले नाही. पेट्रोल वाहत राहिले, त्याची वाफ पसरत राहिली, आणि सुमारे सव्वा तासाने स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली, टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या, कारण ती आग विझवण्यासारखी नव्हतीच. ती संपण्याची वाट पाहावी लागली. या सव्वा तासाकडे नीट पाहायला हवे. त्या वेळात ज्वाला नव्हती. लोकांच्या भाषेत अजून अपघात झालेला नव्हता. पण परतीची वाट पहिल्या काही मिनिटांतच, झडपेपर्यंत पोचता येईनासे झाले तेव्हाच, बंद झाली होती. पुढचा सगळा वेळ म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे पसरणे होते. पेट्रोल द्रव आहे, एलपीजीसारखा दाबून ठेवलेला वायू नाही, हा फरक खरा. पण उघड्यावर निसटलेली वाफ टाकीत परत जात नाही, या बाबतीत दोघांत काही अंतर नाही. इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे हेच घडले होते: टाकी भरून वाहू लागली, बराच वेळ कोणाला पत्ता नाही, थंड स्तब्ध हवेत वाफ साचली आणि मग स्फोट. सीतापुऱ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने उपाय सुचवताना नेमकी जागा धरली. हॅमर ब्लाइंडसारखी उघडी पडणारी रचना काढून टाका, बंदिस्त रचना आणा, आणि टाकीची पहिली झडप दूर नियंत्रण कक्षातून बंद करता येईल अशी बसवा, असे त्यांनी सांगितले. हे सारे उपाय ठिणगीच्या कितीतरी आधीचे आहेत.

यावर अभ्यासू वाचक पहिला आक्षेप घेईल तो असा: निसर्गातली कोणतीही प्रत्यक्ष प्रक्रिया पूर्णपणे परतीची नसते. दट्ट्याला घर्षण असते, उष्णता गळते, तफावत शून्य केली तर काही हलणारच नाही. मग सगळेच बिनपरतीचे असेल तर हा भेद पुस्तकी ठरत नाही का? नाही ठरत, कारण तो मोजपट्टीसारखा वापरायचा असतो. पूर्ण सरळ रेषा कोणी काढू शकत नाही, तरी सुतार वाकडी फळी ओळखतो. वायू द्रवरूप करण्याच्या उद्योगाने हा भेद पैशांत मोजला आहे. कार्ल लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची जी पद्धत यशस्वी केली, तीत दाबलेली हवा अरुंद झडपेतून सोडून थंड केली जात असे. दाबाचा उतार फुकट जात होता. काही वर्षांनी जॉर्ज क्लोद यांनी तीच हवा इंजिनातून प्रसरण पावू दिली, म्हणजे तिच्याकडून कार्य करवून घेतले, आणि ती जास्त थंड झाली. क्लोदचे इंजिनही आदर्श नव्हते. पण परतीच्या मार्गाच्या ते जवळ होते आणि त्या जवळिकीची किंमत विजेच्या बिलात दिसत होती. सुरक्षिततेतही असेच आहे. टाकीवरची सुरक्षा झडप जादा दाब थोडा थोडा सोडते, तेही प्रसरण बिनपरतीचेच; पण ती पुन्हा आपोआप बंद होते आणि उरलेला साठा समतोलात राहतो. तुटलेली नोझल बंद होत नाही. दोघींत किती वायू कायमचा गेला याचा फरक आहे, आणि माणसे त्या फरकावर जगतात किंवा मरतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बिनपरतीचे म्हणजे अशक्य नव्हे. पुरेशी ऊर्जा खर्च केली तर पसरलेला वायू गोळा करता येतो, असे उष्मागतिकीच सांगते. हे खरे आहे, आणि प्रामाणिकपणे हिशेब केला तर आकडा चकित करणारा निघतो. हवेत दोन टक्के मिसळलेला तो १८ टन वायू आदर्श यंत्राने वेगळा करायचा तर किमान अकराशे युनिटच्या आसपास वीज लागेल. एखाद्या मध्यमवर्गीय घराचा काही महिन्यांचा वापर. म्हणजे ऊर्जा ही अडचणच नाही. अडचण आहे ती अशी की असे यंत्र कुठेही नाही, असते तरी पहाटेच्या महामार्गावर काही सेकंदांत पोचले नसते. एन्ट्रॉपीचा हिशेब आपल्याला फक्त इतके सांगतो की परत येण्याची किंमत आता दुसऱ्या कोणीतरी, बाहेरून, वेगळी मोजायला हवी. ती मोजणारा तिथे हजर असतो का, हा प्रश्न अभियंत्याचा आणि प्रशासनाचा आहे. टाकी शाबूत असताना पंप लावून एका टँकरमधला वायू दुसऱ्यात घेता येतो, आणि उलटलेल्या टँकरांच्या बाबतीत जाणकार पथके हे काम करतात. टाकी फुटल्यावर तीच पथके फक्त पाण्याचे फवारे मारून वायू विरळ करू शकतात.

आणि इथे मला स्वतःच्या मुद्द्याला एक मर्यादा घातली पाहिजे. बिनपरतीचे म्हणजे घातक असे समीकरण नाही. वारा असेल, मोकळी जागा असेल, तर सुटलेला वायू दोन टक्क्यांच्या खाली विरळ होतो आणि कोणाला काही होत नाही. तो पूर्णपणे मिसळून गेला की धोका संपतो, आणि तीही बिनपरतीचीच अवस्था आहे. आपली सुटका तिच्यामुळेच होते. धोका असतो तो मधल्या वाटेवर, वायू टाकीतून निघाला आहे पण पुरेसा विखुरलेला नाही, तेवढ्या काळात. म्हणून तो काळ किती मिनिटांचा होता, हे चौकशीत ठळकपणे नोंदले गेले पाहिजे. सीतापुऱ्याचा सव्वा तास आपल्याला माहीत आहे तो समितीने खोदून काढला म्हणून. बहुतेक महामार्ग-अपघातांच्या बातम्यांत धडकेची वेळ असते, अग्निशमन दल पोचल्याची वेळ असते, मात्र गळती आणि ज्वाला यांच्यातले अंतर नसते. तेच अंतर पुढच्या वेळी बचावासाठी किती अवधी मिळेल हे ठरवते.

ठिणगीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, वायू सुटला तरी पेटला नसता तर माणसे वाचली असती, मग ठिणगी रोखणे चूक कसे? चूक नाही. कारखान्याच्या कुंपणाआड ते उत्तम काम करते: मोबाइल बाहेर ठेवा, स्फोटरोधक दिवे लावा, वाहनांच्या धुराड्यावर ठिणगीरोधक बसवा. पण महामार्गावर शेकडो इंजिने चालू असतात, तापलेले सायलेन्सर असतात, धडकेत लोखंड लोखंडावर घासत असते. तिथे ठिणगी हा अपघात नसतो, तिथली नेहमीची स्थिती असते. जिथे ठिणगी गृहीतच धरावी लागते तिथे सगळी भिस्त तिच्यावर ठेवणे म्हणजे जबाबदारी चालकांवर, बसच्या प्रवाशांवर, शेजारच्या ढाब्यावर ढकलणे. ऑगस्ट २०१२ मध्ये केरळात कण्णूरजवळ चाला येथे एलपीजीचा टँकर दुभाजकावर आदळला, वायू वस्तीत पसरला आणि पेटला. वीसच्या आसपास माणसे गेली. त्यांच्यापैकी कोणाची ठिणगी होती हे शोधून काय हाती लागले असते?

मग मागणी काय करायची? भांकरोटा ज्या महामार्गावर आहे तो राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, सुरत करत तोच मुंबईला येतो आणि पुढे पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव असा जातो. उरणसारख्या ठिकाणांहून भरून निघणारे टँकर आपल्याकडच्या घाटांतून आणि बाह्यवळणांवरून रोज जातात. त्या टाक्यांची रचना आणि परवाने ज्या नियमांखाली येतात ते राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्थेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. तेव्हा हा विषय जयपूरचा म्हणून बाजूला सारता येत नाही. टाकीच्या भरण्या-उतरवण्याच्या तोंडाशी, टाकीच्या आत बसणारी आणि प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप मिटणारी झडप हे या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. बाहेरची नळी, नोझल, सगळे छाटले गेले तरी दार आतून बंद राहते, आणि टाकीतला समतोल मोडत नाही. नियमांना अशा झडपा अनोळखी नाहीत. ती झडप जुनी झाल्यावर मिटते का, धडकेत मोडू नये म्हणून तिच्याभोवतीचे पोलादी कवच पुरेसे आहे का, हे ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासून त्याचा निकाल जाहीर करावा. परवान्याची पुढची मुदत त्या चाचणीवरच द्यावी. आणि जिथे महामार्गाच्या दुभाजकात उघडे वळण ठेवून अवजड वाहनांना भरधाव वाहतुकीसमोर आडवे व्हायला लावले जाते, ती वळणे बंद करून पुलाखालची वाट द्यावी. या खर्चाला वायफळ म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की परतीची वाट उघडी आहे तोवर केलेला खर्च हाच स्वस्त असतो. १,७२९ ज्यूल हाताशी असणे आणि ते उसने आणावे लागणे, यांत जेवढा फरक आहे तेवढा.

शिक्षणाची बाब मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण मूळ तिथे आहे. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या, दोन्ही पुस्तकांत उष्मागतिकीचे प्रकरण आहे. मुले कमाल कार्याचे सूत्र पाठ करतात, लॉगॅरिथमच्या कोष्टकातून उत्तर काढतात आणि गुण मिळवतात. प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांत प्रसरणाचा प्रकार प्रश्नातच दिलेला असतो, म्हणून सूत्र निवडणे सोपे जाते. प्रत्यक्षात प्रसरणाच्या पाठीवर नाव लिहिलेले नसते. ते परतीचे आहे की बिनपरतीचे हे ओळखणे हेच खरे कौशल्य, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. रेग्युलेटरमधून महिनाभर येणारा वायू परतीचा की बिनपरतीचा, आणि का, असा चार गुणांचा एक प्रश्न प्रश्नपत्रिकेत आला तरी सावकाश म्हणजे परतीचे हा समज एका वर्षात मोडेल. यातलीच मुले उद्या टाक्यांची रचना करणार आहेत, परवान्यांवर सह्या करणार आहेत, अग्निशमन दलात जाणार आहेत.

तोवर रस्त्यावरच्या प्रत्येकाला एक विनंती. टँकरच्या तोंडातून पांढरे धुके निघून जमिनीलगत सरकताना दिसले तर ज्वाला दिसण्याची वाट पाहू नका. गाडीचे इंजिन बंद करा, पुन्हा चालू करू नका, मोबाइलवर चित्रण करत थांबू नका. वारा ज्या बाजूने येतो आहे त्या बाजूला, जमले तर उंचवट्याकडे, पायी चालत दूर जा आणि इतरांना सोबत घ्या. पुरेसे लांब गेल्यावर ११२ ला फोन करा. घरच्या एलपीजीची गळती असेल तर १९०६ ला.